एक जागा, दोन क्वार्टरबॅक : जेलन हर्ट्स आणि टुआ टागोवाइलोआ यांच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२५

गेल्या रविवारी फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०–२२ असे हरवून अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल जिंकला आणि जेलन हर्ट्स सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, अलाबामाने ह्याला बाकावर बसवलं होतं. कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात मोठी चूक नाही का ही?" मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही, कारण हा प्रश्न माझ्याही मनात सात वर्षे आहे आणि त्याचे उत्तर मी आजवर केवळ आवडीनिवडीवरून देत आलो आहे. नोकरीत मी कारखान्यातील गुणवत्ता-नियंत्रणाचे आकडे तपासतो. दोन यंत्रांपैकी कोणते ठेवायचे हे ठरवताना जी शिस्त पाळतो, ती दोन माणसांच्या बाबतीत पाळायला काय हरकत आहे, असे वाटून ही वही उघडली आहे. भाचा आकडे गोळा करणार, मी मांडणी करणार आणि दोघांनी एकमेकांचे काम तपासायचे, असे ठरले.

अलाबामा विद्यापीठाच्या संघात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूच्या, एकाच जागेसाठी हर्ट्स आणि टुआ टागोवाइलोआ यांच्यात जी स्पर्धा झाली, तिच्यात निर्णयाचे तीन क्षण येतात. पहिला क्षण ८ जानेवारी २०१८ रोजी जॉर्जियाविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या मध्यंतराचा, जेव्हा हर्ट्सला बसवून टुआला उतरवले गेले; दुसरा ऑगस्ट २०१८ मधील हंगामपूर्व सरावाचा आणि तिसरा १ डिसेंबर २०१८ रोजी टुआ जायबंदी होऊन मैदानाबाहेर गेला तेव्हाचा. प्रत्येक क्षणी प्रशिक्षक निक सेबन यांच्यासमोर जेवढी माहिती होती, तेवढीच वापरायची, हा या प्रकल्पाचा पहिला नियम. हर्ट्सने २०२५ मध्ये काय मिळवले, याचा २०१८ च्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेशी संबंध नाही. तो जोडला की तुलना संपते आणि निकाल माहीत असलेल्या माणसाचे शहाणपण सुरू होते.

१६ फेब्रुवारी २०२५

पार्श्वभूमीचे पान आज पूर्ण केले. ते थोडक्यातच ठेवत आहे.

हर्ट्स टेक्सासमधील ह्यूस्टनजवळच्या चॅनलव्ह्यू येथील. त्याचे वडील शाळेच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, आणि त्याला स्वतःला वजन उचलण्याच्या स्पर्धांची सवय; त्यामुळे क्वार्टरबॅक असूनही पायांत आणि कमरेत धावपटूचे बळ. २०१६ च्या हंगामात पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी असताना तो अलाबामाचा सुरुवातीचा क्वार्टरबॅक झाला, ही त्या संघात बत्तीस वर्षांत न घडलेली गोष्ट होती. त्या वर्षी अलाबामा ज्या गटात खेळते त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने त्याला आक्रमणातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. क्लेम्सनविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोन मिनिटे सात सेकंद उरली असताना त्याने ३० यार्ड धावून संघाला ३१–२८ अशी आघाडी मिळवून दिली होती. एक सेकंद उरला असताना क्लेम्सनने टचडाउन करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन, सामना ३५–३१ असा नेला. त्या सामन्यात हर्ट्सचे ३१ पैकी १३ च पास पूर्ण झाले होते, म्हणजे झेलले गेले होते, ही नोंद इथे करून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग होईल.

टुआ हवाई बेटांवरील एवा बीचचा, सामोअन कुटुंबातला. तो होनोलुलूच्या सेंट लुईस शाळेतून आला, जिथून त्याच्या आधी क्वार्टरबॅक मार्कस मारिओटा आला होता. इतर कामांत तो उजवा, पण वडिलांनी लहानपणापासून चेंडू डाव्या हाताने फेकायला शिकवल्यामुळे मैदानावर डावखुरा. जानेवारी २०१७ मध्ये तो टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावी, दाखल झाला. जेरी ज्यूडी, हेन्री रग्ज आणि डेव्होंटा स्मिथ हे झेल घेणारे तिघेही त्याच वर्षी आले. २०१७ च्या सबंध हंगामात टुआ राखीव होता आणि सामना हातात आल्यावर शेवटच्या टप्प्यात खेळत होता.

२० फेब्रुवारी २०२५

पासर रेटिंगचा, म्हणजे पास टाकणाऱ्याची कामगिरी एका आकड्यात मांडणाऱ्या मापाचा, तक्ता केला. कॉलेज फुटबॉलमधील सूत्र सोपे आहे : मिळवलेले यार्ड गुणिले ८.४, टचडाउन गुणिले ३३०, पूर्ण पास गुणिले १००, या तिघांची बेरीज. तिच्यातून प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, म्हणजे इंटरसेप्शन, गुणिले २०० वजा. आणि उत्तराला एकूण प्रयत्नांनी भागायचे.

हर्ट्स, २०१६ : ३८२ पैकी २४० पास पूर्ण, २७८० यार्ड, २३ टचडाउन, ९ इंटरसेप्शन; रेटिंग १३९.१. हर्ट्स, २०१७ : २५५ पैकी १५४, २०८१ यार्ड, १७ टचडाउन आणि संपूर्ण हंगामात एकच इंटरसेप्शन, रेटिंग १५०.२. टुआ, २०१७ : ७७ पैकी ४९, ६३६ यार्ड, ११ टचडाउन, २ इंटरसेप्शन, रेटिंग १७५.०.

भाच्याने लगेच निष्कर्ष काढला की टुआ पंचवीस गुणांनी सरस होता आणि सेबन यांनी हे आधीच ओळखायला हवे होते. आठवडाभरापूर्वी तो याच्या नेमके उलट म्हणत होता, हे मी त्याला सांगितले. आकडा हातात आला की माणूस किती सहज बाजू बदलतो, हे आम्हा दोघांनाही पहिल्याच आठवड्यात दिसले, हे बरे झाले.

२३ फेब्रुवारी २०२५

चूक सापडली, आणि ती माझी आहे. भाच्याने विचारले, "मामा, ह्या ७७ पासमध्ये जॉर्जियाविरुद्धची फायनल धरली आहे का?" धरली होती. म्हणजे मध्यंतराच्या निर्णयाची पारख करण्यासाठी मी त्याच निर्णयानंतरचे आकडे वापरले होते आणि पहिल्या दिवशी लिहिलेला पहिला नियम आठ दिवसांत मोडला होता. अधिकृत वार्षिक बेरजेत सगळे सामने एकत्र येतात, ही गोष्ट मला ठाऊक असूनही मी ती बेरीज तशीच उचलली.

अंतिम सामना वजा करून तक्ता पुन्हा केला. ८ जानेवारी २०१८ च्या सकाळी टुआच्या नावावर ५३ पैकी ३५ पास, ४७० यार्ड, ८ टचडाउन आणि १ इंटरसेप्शन होते, रेटिंग १८६.६. हर्ट्सच्या नावावर २४७ पैकी १५१, २०६० यार्ड, १७ टचडाउन आणि १ इंटरसेप्शन, रेटिंग १५३.१. अंतर कमी होण्याऐवजी साडेतेहतीस गुणांपर्यंत वाढले.

आता या साडेतेहतीस गुणांची फोड केली, आणि प्रकल्पातले पहिले खरे काम हेच झाले असे मला वाटते. प्रति पास यार्ड टुआचे ८.८७ आणि हर्ट्सचे ८.३४, म्हणजे रेटिंगमध्ये साडेचार गुणांच्या आसपास फरक. पूर्ण पासांचे प्रमाण ६६ आणि ६१ टक्के, म्हणजे आणखी पाच गुण. इंटरसेप्शनच्या बाबतीत हर्ट्स तीन गुणांनी पुढे. उरलेले सत्तावीस गुण एकट्या टचडाउनच्या प्रमाणातून आले आहेत : टुआचे दर शंभर पासांमागे पंधरा, हर्ट्सचे सात. म्हणजे साऱ्या फरकाचा डोलारा त्या आठ टचडाउनवर उभा आहे.

५३ प्रयत्नांत आठ ही संख्या किती भरवशाची? ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साध्या पद्धतीने काढली तर ५.५ ते २४.७ टक्के येते, आणि लहान नमुन्यासाठी अधिक योग्य असलेल्या विल्सनच्या पद्धतीने ७.८ ते २७ टक्के. हर्ट्सचे ६.९ टक्के एका मर्यादेच्या आत आणि दुसऱ्या मर्यादेच्या किंचित बाहेर पडतात. कारखान्यात असा निकाल आला असता तर मी "नमुना वाढवा" एवढाच शेरा मारला असता. त्यातही हे ५३ पास बहुतेक अशा वेळी टाकलेले, की सामना हातात होता आणि समोरचा संघ थकला होता. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. निकाल लागल्यात जमा असताना शेवटच्या षटकांत झोडलेल्या वीस धावांवरून कोणी सलामीचा फलंदाज बदलत नाही.

१ मार्च २०२५

अंतिम सामन्याचे चित्रण आज पहिल्या मिनिटापासून ओव्हरटाइमपर्यंत सलग पाहिले आणि प्रत्येक स्नॅपची, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या क्षणाची, नोंद केली. मी अटलांटातच राहतो. ज्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमवर हा सामना झाला, त्याच्या छतावरचे दिवे कामावरून येताना रस्त्यावरून दिसतात, त्यामुळे हा सामना मला कधीच दूरचा वाटलेला नाही.

मध्यंतराला जॉर्जिया १३–० ने पुढे. हर्ट्सचे आठ पैकी तीन पास पूर्ण, २१ यार्ड, रेटिंग ५९.६. मात्र सहा वेळा धावून ४७ यार्ड, हेही त्याच रकान्यात लिहिले पाहिजे, कारण संघाचे जे काही पुढे सरकणे चालले होते त्यातले बरेचसे त्याच्या पायांवर होते. अडचण अशी की तेरा गुणांनी मागे असलेल्या संघाला तीस मिनिटांत पायांवर परतता येत नाही. आदल्या वर्षी क्लेम्सनविरुद्ध ३१ पैकी १३, आणि नोव्हेंबरमध्ये ऑबर्नकडून २६–१४ अशी हार. बलाढ्य बचावासमोर पासचा खेळ अडतो, हे सेबन यांना त्या रात्री पहिल्यांदा दिसले नव्हते.

दुसऱ्या अर्धात टुआ आला. २४ पैकी १४ पास, १६६ यार्ड, ३ टचडाउन, १ इंटरसेप्शन. रेटिंग काढले आणि आकडा तीनदा तपासला : १४९.४. ज्या अर्ध्या सामन्यावरून एका खेळाडूचे आयुष्य बदलले, त्या अर्ध्या सामन्याचे त्याचे रेटिंग हर्ट्सच्या त्या हंगामाच्या सरासरीपेक्षा किंचित कमीच आहे! भाच्याला हे पटेना, म्हणून त्यालाही स्वतंत्रपणे करायला लावले. त्याचेही उत्तर तेच आले. याचा अर्थ टुआ साधारण खेळला असा नाही. जॉर्जियाचा बचाव आणि तेरा गुणांची पिछाडी या स्थितीत १४९ मिळवणे आणि हंगामभर दुबळ्या-बळकट सगळ्यांविरुद्ध १५० मिळवणे या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि सूत्राला तो भेद कळत नाही.

ओव्हरटाइममधले दोन स्नॅप इथे सविस्तर लिहून ठेवतो. जॉर्जियाच्या रॉड्रिगो ब्लँकनशिपने ५१ यार्डांवरून किक मारून २३–२० केले होते. अलाबामाची पाळी पंचवीस यार्डांच्या रेषेवरून सुरू झाली आणि पहिल्याच स्नॅपला टुआ चेंडू हातात धरून मागे मागे सरकत राहिला. चेंडू बाहेर फेकून देण्याची संधी होती, ती त्याने घेतली नाही आणि सोळा यार्ड मागे पाडला गेला. ही नवख्या खेळाडूची चूक आहे आणि हर्ट्सने ती त्या हंगामात क्वचितच केली असती. आता दुसरा डाव, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी दुसरा; सव्वीस यार्ड हवेत, रेषा एक्केचाळीसवर. स्नॅप झाल्यावर टुआचा चेहरा आणि खांदे उजवीकडे वळलेले दिसतात. मागे उभा असलेला बचावपटू त्याची नजर वाचत मैदानाच्या मध्याकडे रेंगाळतो. आणि मग टुआ डावीकडे वळून, डाव्या बाजूच्या रेषेलगत पळणाऱ्या डेव्होंटा स्मिथच्या पुढे चेंडू टाकतो. मध्याकडे रेंगाळलेल्या त्या बचावपटूला परत पोचायला दोन-तीन पावले कमी पडतात. २६–२३. चित्रण मागे नेऊन मी फक्त त्या बचावपटूच्या पायांकडे पुन्हा पुन्हा पाहिले. नजरेने माणूस हलवण्याचे हे कौशल्य रेटिंगच्या एकाही घटकात येत नाही. सूत्राला तिथे फक्त ४१ यार्ड आणि एक टचडाउन दिसते.

४ मार्च २०२५

ओव्हरटाइमच्या त्या सोळा यार्डांमुळे एक जुनी अडचण समोर आली. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक रेषेच्या मागे पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर गेलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात आणि पासर रेटिंगला धक्काही लागत नाही. म्हणून टुआच्या १४९.४ मध्ये तो सॅक कुठेच नाही. उलट हर्ट्सचे धावण्याचे यार्ड, २०१६ मध्ये ९५४ आणि २०१७ मध्ये ८५५, हे सॅक वजा जाऊन उरलेले आहेत. प्रत्यक्ष धावून त्याने मिळवलेले यार्ड याहून अधिक आहेत.

केवळ पासर रेटिंगवर हर्ट्सची तुलना करणे म्हणजे त्याचा निम्मा खेळ बाहेर ठेवणे आहे. २०१६ मध्ये धावून तेरा आणि २०१७ मध्ये आठ टचडाउन करणाऱ्या खेळाडूचे ते टचडाउन रेटिंगमध्ये शून्य धरले जातात, जरी फलकावर त्यांचेही सहाच गुण लागतात. म्हणून मी २०१७ च्या हर्ट्ससाठी पास आणि धाव यांची बेरीज करून एक स्वतंत्र रकाना घातला : २५५ पास आणि १५४ धावा, मिळून २९३६ यार्ड, प्रति प्रयत्न ७.२.

९ मार्च २०२५

दुसरा क्षण, ऑगस्ट २०१८. याविषयी आकड्यांपेक्षा घटनाच अधिक आहेत.

सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून हर्ट्सचे २६ विजय आणि २ पराभव. टुआने एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नाही. वसंतातील सरावात टुआच्या फेकण्याच्या हाताला दुखापत झाली आणि एप्रिलमधील प्रदर्शनी सामन्यात तो खेळू शकला नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला दोघांची शेजारी शेजारी तुलना करण्याची जी एक संधी मिळायची, तीही गेली. निर्णय बंद दाराआडच्या सरावावर झाला आणि तो सराव आमच्या तक्त्यात कधीच येणार नाही, ही या प्रकल्पाची सर्वांत मोठी मर्यादा आहे.

त्या वर्षी हर्ट्सच्या वडिलांनी उघडपणे सांगितले होते की मुलाला जागा मिळाली नाही तर तो दुसरीकडे जाण्याचा विचार करील. जुलैमध्ये सेबन यांना विचारले गेले तेव्हा हंगामाच्या पहिल्या सामन्याला हर्ट्स संघात असेल की नाही याची आपल्याला कल्पना नाही, असे ते म्हणाले. ऑगस्टच्या सुरुवातीला हर्ट्स स्वतः बोलला : सबंध वसंतात आपल्याकडे कोणी आले नाही, प्रशिक्षकसुद्धा नाहीत, आणि आपल्याला काय वाटते हे कोणी विचारले नाही. हे वाक्य मी वहीत लाल शाईने लिहिले आहे. अठ्ठावीस सामन्यांत सव्वीस विजय मिळवून देणाऱ्या मुलाला हे जाहीरपणे सांगावे लागले, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते आणि आजही वाटते. जागा कोणाला द्यायची हा प्रशिक्षकाचा अधिकार आहे. परंतु ज्याची जागा जाते आहे त्याच्याशी बोलणे हे त्या अधिकाराबरोबर येणारे कर्तव्य आहे.

१ सप्टेंबरला ऑरलँडोत लुईव्हिलविरुद्ध टुआ सुरुवातीला उतरला : १६ पैकी १२ पास, २२७ यार्ड, २ टचडाउन, अलाबामा ५१–१४ ने विजयी. तोपर्यंत सेबन यांनी नाव जाहीर केलेच नव्हते. सामन्यानंतर मैदानावरच वार्ताहर मारिया टेलर यांनी दोघांबद्दल विचारले, तेव्हा एकाचा अनादर होईल असे काही आपल्याकडून वदवून घेऊ नका, असे ते चिडून म्हणाले आणि नंतर त्यांनी टेलर यांची माफी मागितली.

१५ मार्च २०२५

२०१८ चा हंगाम. टुआ : ३५५ पैकी २४५ पास, ३९६६ यार्ड, ४३ टचडाउन, ६ इंटरसेप्शन, रेटिंग १९९.४. हर्ट्स : ७० पैकी ५१, ७६५ यार्ड, ८ टचडाउन, २ इंटरसेप्शन, रेटिंग १९६.७. भूमिका पुरत्या बदललेल्या आहेत. आता हर्ट्स राखीव आहे, त्याचे पास निकाल लागलेल्या सामन्यांत पडत आहेत आणि त्याचे रेटिंग आदल्या वर्षाच्या १५० वरून १९७ जवळ गेले आहे. २०१७ मध्ये टुआच्या ५३ पासांविषयी मी जो संशय घेतला, तोच इथे हर्ट्सच्या ७० पासांविषयी घेतला पाहिजे. नियम माणूस पाहून बदलत नाही.

तरीही इतकी मोठी उडी केवळ सोप्या वेळेने समजावता येत नाही. तीन वर्षांत हर्ट्सला आक्रमणाचे तीन समन्वयक मिळाले : २०१६ मध्ये लेन किफिन, २०१७ मध्ये ब्रायन डेबॉल, २०१८ मध्ये माइक लॉक्सली; आणि २०१६ चा तो अंतिम सामना तर किफिन गेल्यामुळे स्टीव्ह सार्किझियन यांनी चालवला होता. वीस वर्षांच्या आतल्या मुलाने दरवर्षी नवी भाषा शिकावी, तसे हे आहे. २०१७ मध्ये पासचा सगळा भार कॅल्विन रिडली या एकट्यावर होता. २०१८ मध्ये ज्यूडी, रग्ज, स्मिथ आणि नवा आलेला जेलन वॉडल असे चौघे एकाच वेळी पळत होते, आणि त्यांपैकी ज्यूडीने एकट्याने १३१५ यार्ड आणि १४ टचडाउन केले. ज्या साधनांनी टुआने १९९ मिळवले, ती साधने हर्ट्सच्या २०१७ मध्ये एक तर नव्हती किंवा राखीव फळीत टुआबरोबर सराव करत होती. अटलांटातल्या त्या रात्री टुआच्या तीनपैकी दोन टचडाउन पास रग्ज आणि स्मिथ या त्याच्या वर्गमित्रांनीच झेलले, याकडे मी आधी पुरेसे लक्ष दिले नव्हते.

याच काळात राष्ट्रीय पातळीवर एक नवा नियम आला होता : चार सामन्यांपर्यंत खेळलेला खेळाडू त्यानंतर थांबला तर त्याच्या कॉलेजमध्ये खेळण्याच्या मोजक्या वर्षांतले ते वर्ष खर्ची पडत नाही. क्लेम्सनमध्ये ट्रेव्हर लॉरेन्सला जागा मिळताच आधीचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट चार सामन्यांनंतर संघ सोडून गेला आणि त्यात त्याने नियमाबाहेरचे काही केले नाही. हर्ट्सपुढेही तीच वाट मोकळी होती. तो पाचव्या सामन्यात मैदानात उतरला आणि वर्ष खर्ची घातले.

२१ मार्च २०२५

तिसरा क्षण, १ डिसेंबर २०१८. तेच स्टेडियम, तोच जॉर्जिया, कॉन्फरन्सचा अंतिम सामना. तिसऱ्या सत्रात जॉर्जिया २८–१४ ने पुढे. टुआचे २५ पैकी १० पास, १६४ यार्ड, १ टचडाउन, २ इंटरसेप्शन, रेटिंग ९२.३. त्या १६४ यार्डांपैकी ५१ वॉडलच्या एकाच टचडाउनचे. घोट्याने तो दिवसभर लंगडत होता, आणि चौथ्या सत्रात सव्वाअकरा मिनिटे उरली असताना स्वतःच्याच फळीतल्या खेळाडूचा पाय पडून तो बाहेर गेला. २८–२१.

हर्ट्स : ९ पैकी ७ पास, ८२ यार्ड, १ टचडाउन, रेटिंग १९१.०. पाच मिनिटे एकोणीस सेकंद उरली असताना ज्यूडीला दहा यार्डांचा पास, आणि एक मिनिट चार सेकंद उरली असताना स्वतः पंधरा यार्ड धावून टचडाउन. ३५–२८. या दोहोंच्या मध्ये जॉर्जियाने मैदानाच्या मध्यावर, चौथ्या डावात अकरा यार्ड हवे असताना, किक मारण्याचा देखावा करून चेंडू जस्टिन फील्ड्सकडे दिला आणि तो अडवला गेला. तो फील्ड्सही त्या वर्षी जेक फ्रॉमच्या मागे राखीव क्वार्टरबॅक होता, ही गोष्ट मला नोंदवाविशी वाटते. त्या दुपारी मैदानावर एका जागेच्या दोन स्पर्धा चालू होत्या.

नऊ पासांचा नमुना नगण्य आहे, हे मान्य. म्हणून मी इथे रेटिंगला बाजूला ठेवून चित्रण पाहिले. २०१७ मधला हर्ट्स पहिला झेलणारा मोकळा दिसला नाही की चेंडू काखेत मारून पळायचा. इथे तो खिशात, म्हणजे पुढच्या फळीने राखलेल्या जागेत, टिकून उभा राहतो, दुसऱ्या झेलणाऱ्याकडे पाहतो आणि मग निर्णय घेतो. राखीव असलेल्या अकरा महिन्यांत त्याने आपले नेमके उणे भरून काढले होते. सरावात रोज दुसऱ्या फळीबरोबर घाम गाळणारा मुलगा पाहायला आपल्यापैकी कोणी नव्हते. त्याचा पुरावा एवढ्या नऊ पासांत आहे.

२७ मार्च २०२५

भाच्याच्या आग्रहावरून नंतरची माहिती वेगळ्या पानावर घेतली, मुख्य तक्त्यात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पदवी घेऊन हर्ट्स ओक्लाहोमाला गेला आणि २०१९ मध्ये ३४० पैकी २३७ पास, ३८५१ यार्ड, ३२ टचडाउन, ८ इंटरसेप्शन, म्हणजे १९१.२ रेटिंग, शिवाय धावून १२९८ यार्ड अशी कामगिरी करून कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात दुसरा आला. टुआही २०१८ मध्ये त्याच मतदानात दुसराच होता. २०२० मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडूंच्या निवडीत टुआला मायामीने पाचव्या क्रमांकावर आणि हर्ट्सला फिलाडेल्फियाने त्रेपन्नाव्या क्रमांकावर घेतले.

या पानाचा उपयोग एकाच गोष्टीसाठी आहे : २०१८ मधले हर्ट्सचे १९६.७ हे निव्वळ सोप्या वेळेचे फळ नव्हते. पुढच्याच वर्षी पाचपट पास टाकून तो जवळपास त्याच उंचीवर राहिला.

३० मार्च २०२५

भाच्याला पाठवायचे उत्तर आज लिहिले.

मध्यंतराचा निर्णय सामन्यांच्या आकड्यांवर सिद्ध होत नाही. हंगामभरासाठी जागा बदलायला ५३ पास अपुरे होते. परंतु तेरा गुणांची पिछाडी, तीस मिनिटांचा अवधी आणि पास टाकण्याची सक्ती या कामासाठी टुआ अधिक योग्य होता, आणि सेबन यांनी तेवढाच प्रश्न सोडवला. ऑगस्टचा निर्णय टुआच्या बाजूने योग्य, तो देण्याची रीत मात्र अयोग्य. डिसेंबरच्या त्या सव्वाअकरा मिनिटांसाठी, धडधाकट हर्ट्स आणि लंगडता टुआ यांच्यात, हर्ट्स. "चूक" हा शब्द तिन्ही ठिकाणी बसत नाही.

भाच्याने संध्याकाळी वाचून फोन केला. म्हणाला, "मामा, पटलं, पण त्या फायनलचा पहिला अर्ध तुम्ही आठच पासांवर मोजलात. तिसऱ्या डावात किती यार्ड हवे असताना ते पास टाकले, ते कुठे आहे?" ते नाही. त्या आठ पासांपैकी लांब अंतराच्या सक्तीत किती टाकले गेले, हे मी मोजलेच नव्हते, आणि ते मोजल्याशिवाय ५९.६ हा आकडा हर्ट्सच्या नावापुढे एकटा ठेवणे न्याय्य नाही. उत्तर तूर्त मसुदा म्हणूनच ठेवले आहे. शनिवारी तो घरी येणार आहे. पहिला अर्ध पुन्हा लावून, प्रत्येक पासापुढे डाव आणि अंतर लिहून, नववा रकाना भरायचा आहे.